नातवंडांच्या झबल्यांची गोधडी: आजी-आजोबांसाठी कशी शिवावी

फोटो छापलेला मग आणि फोटो छापलेली उशी आजी-आजोबांना देऊ नका, असं मी विचारणाऱ्या प्रत्येकाला सांगते. मग काचेच्या कपाटात जाऊन बसतो आणि नातवाच्या चेहऱ्यावर डोकं ठेवायला कुणाचं मन धजत नाही. साठीशांत असो, पंचाहत्तरी असो की सहस्रचंद्रदर्शन, नातवंडांच्या आखूड झालेल्या कपड्यांची गोधडी द्या. ती रोज अंगावर येते.

पलंगभर मापाच्या मागे लागू नका. पाच बाय सात फुटांची गोधडी भिजली की तरण्या माणसालाही पिळवत नाही. ४२ बाय ५४ इंच पुरे. सहा इंची चौकोन धरले तर आडवे ७ आणि उभे ९, म्हणजे ६३ तुकडे. चारी बाजूंना अर्धा इंच शिवण सोडायची, म्हणून कापताना ७ इंच. एका झबल्याच्या पाठीचा एक आणि पोटाचा एक तुकडा निघतो, त्यामुळे तीस-बत्तीस कपडे लागतात. कमी पडले तर आजीच्याच जुन्या सुती साडीने भर घाला. कात्री लावण्याआधी मुलांच्या आईला विचारा. बटणं, चेन, टिकल्या, जरतार सगळं काढून टाका, म्हाताऱ्या कातडीला टोचतं.

डाग मात्र काढत बसू नका. माझ्या वडिलांच्या गोधडीत एका पांढऱ्या झबल्यावर आमरसाचा पुसट पिवळा डाग आहे. गोधडी हातात घेतल्यावर त्यांनी बाकीचे बासष्ट चौकोन सोडून त्याच डागावर बोट ठेवलं आणि म्हणाले, "हा मी भरवला होता."

अस्तराला एक सुती सहावारी. तिचा पन्हा साधारण ४५ इंच असतो, त्यामुळे जोड लागत नाही, आणि मधले दोन थरही तिच्यातूनच निघतात. साडी उजेडात धरून बघा. विरलेला भाग मधल्या थराला, धड भाग अस्तराला.

आता होजिअरी, म्हणजे बनियन-टीशर्टचं ताणणारं कापड. लहान मुलांचे निम्मे कपडे होजिअरीचे असतात आणि गोधडी बिघडते ती इथेच. माझी पहिली गोधडी सासूबाईंसाठी होती. होजिअरीचे चौकोन मी सरळ सुती चौकोनांना जोडले. मशीनवर सगळं सपाट दिसत होतं. पहिल्या धुण्यानंतर ते चौकोन पोट सुटल्यासारखे लोंबायला लागले आणि शेजारच्या सुती तुकड्यांच्या शिवणी ओढल्या गेल्या. सासूबाई काही बोलल्या नाहीत, तशीच पांघरत राहिल्या. मला ते बघवेना. मागून घेतली, सगळी उसवली, आणि परत शिवायला तीन आठवडे गेले.

होजिअरी फाशाफाशांनी विणलेली असते. आडवी ओढली की सैल पडते, कापली की तिची कड गुंडाळते. शेजारचं सुती कापड मात्र जागचं हलत नाही. म्हणून "जरा ताणून शिवा" हा सल्ला ऐकूच नका. ताणून शिवलेला तुकडा नंतर आकसतो आणि चुण्या पडतात. कॉलरला लावतात तसलं फ्यूजिंग इस्त्रीने चिकटवा असंही सांगतात. मी ते करून पाहिलंय. पाच-सहा धुण्यांत ते सुटून फोड येतात, आणि तोवर मऊ झबलं पुठ्ठ्यासारखं कडक लागतं. झबल्याचा मऊपणाच गेला तर एवढा खटाटोप कशासाठी?

मी मलमल वापरते. आधी धुऊन वाळवलेल्या मलमलीचे ७ इंची चौकोन कापून घ्यायचे. झबल्याच्या शिवणी उसवून कापड इस्त्रीने सपाट करायचं, पण इस्त्री सरकवायची नाही, नुसती दाबून उचलायची. मग ते मलमलीवर पसरायचं, बोटाने ओढून बसवायचं नाही. चारी कडांना कच्चे टाके घालायचे आणि त्यानंतरच मलमलीच्या कडेने होजिअरी कापायची. आधी होजिअरी कापली तर कड गुंडाळलीच म्हणून समजा. सगळ्या तुकड्यांची उभी बाजू एकाच दिशेला ठेवा. हे काम दोन-तीन संध्याकाळी खातं. खाऊ द्या.

बोरन्हाणाचं काळं झबलं प्रत्येकीला गोधडीत हवं असतं. ते ओलं करून पांढऱ्या फडक्यावर ठेवा आणि गरम इस्त्री दाबा. फडक्यावर रंग उतरला तर ते गोधडीत नको. मिठाच्या पाण्याने हा रंग पक्का होत नाही, उगाच विश्वास ठेवू नका. त्या झबल्याचा मी छोटा बटवा शिवून गोधडीबरोबर देते.

चौकोन मशीनवर जोडा. शाळेच्या शर्टाचा खिसा मिळाला तर तोंड न शिवता एका कडेला घ्या, आजोबांचा चष्मा त्यात राहतो.

जमिनीवर अस्तर, त्यावर मधले थर, वर चौकोनांची बाजू. कच्चे टाके मधून बाहेर घालत जा. कडेपासून सुरुवात केली तर सगळी सळ मध्ये गोळा होते. मग सुती दुहेरी दोरा, मोठ्या नेढ्याची सुई, बोटात अंगुस्तान, आणि दोन-दोन बोटांच्या अंतरावर धावदोरा. कडा दुमडून शिवा. अस्तराच्या कोपऱ्यात साखळी टाक्याने नातवंडांची नावं आणि साल.

धावदोऱ्याची शेवटची ओळ मोकळी ठेवा. ती नातवंडांनी घालायची. सुईत दोरा तुम्ही ओवून द्या, शेवटची गाठ तुम्ही मारा. मधले टाके बोटभर लांब आले, वाकडे आले, एखादा सुटला, तरी त्यांना हात लावू नका.