अरबी गोष्ट मराठीत सांगायची तर

कोथरूडमधल्या आमच्या सोसायटीच्या गच्चीवर शनिवारी संध्याकाळी मी मुलांना अरबी गोष्टी सांगते. मुलांबरोबर आज्याही येऊन बसतात. तुम्हालाही सांगाव्याशा वाटल्या, तर अल्लादिन आणि अलीबाबा आधी बाजूला ठेवा. त्या ‘एक हजार एक रात्री’ या मूळ अरबी कथासंग्रहातल्या नाहीत. हन्ना दियाब नावाच्या सीरियातल्या अलेप्पोच्या तरुणाने १७०९ साली पॅरिसमध्ये त्या या संग्रहाचा भाषांतरकार अँत्वान गालाँ याला सांगितल्या, म्हणून त्या गालाँच्या फ्रेंच भाषांतरात आल्या. शिवाय मुलांना त्या सिनेमामुळे पाठ असतात, आणि पाठ गोष्टीत ‘पुढे काय?’ उरत नाही.

सुरुवात व्यापारी आणि जिनपासून करा. वाटेत झाडाखाली बसून व्यापारी खजूर खातो, बिया फेकतो. जिन प्रकटतो: तुझी बी लागून माझा मुलगा मेला, आता तुला मारणार! व्यापारी वर्षाची मुदत मागतो, देणी फेडतो आणि ठरल्या दिवशी मरायला परत येतो. इथे घाई करू नका. तो बायकामुलांचा निरोप घेतो तेव्हा आज्यांचेही डोळे भरतात. मग तीन म्हातारे येतात. एकाजवळ हरिणी, दुसऱ्याजवळ दोन काळे कुत्रे, तिसऱ्याजवळ खेचर. माझी गोष्ट आवडली तर याच्या रक्ताचा तिसरा हिस्सा मला दे, म्हणजे तेवढं माफ कर, असा त्यांचा जिनशी सौदा. प्रत्येक म्हाताऱ्याला वेगळा आवाज द्या, नाहीतर गोष्टीतली गोष्ट मुलांच्या हातून निसटते.

पण त्याआधी शहरजादची, म्हणजे या सगळ्या गोष्टी रोज रात्री राजाला सांगणाऱ्या राणीची, हकिगत सांगायलाच हवी. राजा रोज लग्न करतो आणि सकाळी राणीला मारतो, हे मुलांपासून लपवू नका. ते गाळलं तर ती जीव वाचवण्यासाठी बोलते आहे हे कळणारच नाही, आणि म्हाताऱ्यांचा सौदाही नुसता गमतीचा वाटेल. तपशील मात्र एका वाक्यात आटपा.

शहरजादची धाकटी बहीण दुनियाजाद मला फार महत्त्वाची वाटते. ‘ताई, गोष्ट सांग ना’ असं तीच म्हणते. आपल्याकडे हुंकार देणारा लागतो, तसंच हे. म्हणून दर वेळी एका मुलीला दुनियाजाद करा. तिने विचारल्याशिवाय सुरू करायचं नाही.

थांबायचं कुठे? ‘एक हजार एक रात्रीं’च्या जुन्या सीरियन हस्तलिखितात शहरजादची पहिली रात्र संपते ती जिनने तलवार उगारल्यावर. तिथेच उठा, कितीही गलका झाला तरी. दमास्कसच्या कॉफीखान्यांतले हकवाती, म्हणजे कथेकरी, अंतरा या अरब योद्ध्याची शौर्यकथा अशीच ऐन लढाईत सोडत आणि ऐकणारे दुसऱ्या दिवशी परत येत.

भाषेसाठी आपल्या पुण्याच्याच कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी मराठीत आणलेल्या ‘अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी’ मोठ्याने वाचा. वाक्यं लांब आहेत, पण ठेका कानात बसतो. मग पुस्तक मिटून आपल्या शब्दांत सांगा.

थोड्या मोठ्या मुलांना ‘कलीला व दिमना’ द्या. हे आपल्या पंचतंत्रातले करटक आणि दमनक हे दोन कोल्हे. पहलवी या जुन्या इराणी भाषेमार्गे ते आठव्या शतकात इब्न अल्-मुकफ्फा या लेखकाच्या अरबी भाषांतरात पोचले. तिथे दिमनावर खटलाही चालतो, तो पंचतंत्रात नाही. दोन्ही सलग सांगून मुलांनाच न्यायाधीश करा. आमच्या गच्चीवर त्या दिवशी जेवायच्या हाका आल्या तरी कोणी खाली उतरत नव्हतं.