जाड नेक की पातळ नेक? इलेक्ट्रिक गिटार घेताना या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात कॉलेजात शिकणारी एक मुलगी गिटार घेऊन माझ्याकडे आली. "दादा, माझा हात लहान आहे. मला याहून पातळ नेकची गिटार सुचवा. एफ कॉर्ड धरली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते." तिच्या गिटारचा नेक, म्हणजे हातात धरायचा लांब दांडा, पहिल्या फ्रेटपाशी (दांड्यावरच्या पहिल्या आडव्या धातूच्या पट्टीपाशी) जेमतेम 19 मिलिमीटर जाड भरला. बाजारात याहून पातळ नेक शोधायचा म्हटलं तर फारसे पर्याय उरत नाहीत. मी तिला प्रत्येक तार दुसऱ्या आणि तिसऱ्या फ्रेटच्या मध्ये दाबायला सांगितली आणि मोबाइलच्या टॉर्चच्या उजेडात पहिल्या फ्रेटवर बघितलं. तिथे तार फ्रेटला जवळजवळ टेकायला हवी, केसभर फट पुरते. इथे व्हिजिटिंग कार्ड सहज सरकत होतं. नटच्या, म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा ज्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचा पुरेशा खोल केल्याच नव्हत्या.

खाचा घासून दिल्या आणि एफ अर्ध्या जोरात वाजली. मग मी माझी जाड नेकची गिटार तिच्या हातात ठेवली, पहिल्या फ्रेटपाशी 23 मिलिमीटरची. दोन मिनिटं वाजवून ती म्हणाली, "यात हात भरल्यासारखा वाटतोय." पातळ नेकच्या मागे लागून दुसरी गिटार घ्यायला निघालेल्या मुलीचं हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. नेकच्या निवडीत होणाऱ्या चुका मी रोज बघतो. त्यातल्या बऱ्याच टाळता येण्यासारख्या आहेत आणि त्यांपायी लोकांचे पैसे जातात, कधीकधी वाजवणंही सुटतं.

लहान हात म्हणजे पातळ नेक?

सगळ्यात जास्त पसरलेला गैरसमज हाच. चिमटीत एक वही धरून पाच मिनिटं उभे राहा, आणि मग बसमधला दांडा तितकाच वेळ धरा. वही हलकी असूनही अंगठ्याचं मूळ आधी दुखेल. पातळ नेकवर नेमकं हेच होतं. अंगठा आणि बोटं एकमेकांच्या जवळ येतात, तळहाताला टेकायला काही राहत नाही आणि सगळी ताकद चिमटीतून लावावी लागते. अंगठा वरून काढून वाजवणाऱ्यांना आणि तार खेचून भरपूर बेंड घेणाऱ्यांना थोडा भरीव नेक बहुतेक वेळा सोयीचा पडतो, कारण बेंड बोटाने नाही, मनगटाने घ्यायचा असतो आणि मनगट फिरवायला पंजाला नेकचा आधार लागतो.

पातळ नेकचं काम वेगळं आहे. अंगठा नेकच्या पाठीवर मधोमध ठेवून, बोटं लांबवर पसरून वेगाने वाजवणाऱ्यांसाठी तो बनला. आयबानेझ कंपनीने 1987 साली आरजी आणि गिटारवादक स्टीव्ह वायची जेम ही मॉडेलं बाजारात आणली, ती अशाच वादनासाठी. त्यांच्या आजच्या विझार्ड 3 नेकची जाडी पहिल्या फ्रेटला 19 आणि बाराव्याला 21 मिलिमीटर आहे. सुपर विझार्ड त्याहूनही पातळ. तुमचा हात तसा बसत असेल तर हे नेक अप्रतिम आहेत.

लहान हाताला खरी अडचण येते ती बहुधा लांबीची, जाडीची नव्हे. फेंडर कंपनीच्या गिटारची स्केल, म्हणजे तारेची वाजणारी लांबी, 648 मिलिमीटर, गिब्सन कंपनीची साधारण 628. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंतचं अंतर फेंडरवर जवळपास 134 मिलिमीटर येतं आणि गिब्सनवर 130. करंगळी ताणून चौथा फ्रेट गाठणाऱ्याला हे चार मिलिमीटर चांगले जाणवतात. नटची रुंदीही बघा: जुन्या धाटणीच्या फेंडरवर 41 च्या आसपास, नव्यांवर 42, गिब्सन आणि आयबानेझवर 43. बोटं जाड असतील तर अरुंद नटवर शेजारच्या तारांना धक्का लागतो, आणि दोष मात्र नेकच्या जाडीला दिला जातो.

अक्षर वाचून गिटार मागवणं

जाहिरातीत सी, डी, यू, व्ही अशी अक्षरं असतात. ही अक्षरं नेकच्या पाठीचा आकार सांगतात, जाडी सांगत नाहीत. डी आकाराच्या नेकला दोन्ही कडांना खांदे असतात, म्हणून 21 मिलिमीटरचा डी कधी 23 च्या मऊ व्ही आकारापेक्षा हाताला जाड लागतो. गिटारवादक एरिक क्लॅप्टनच्या सिग्नेचर फेंडर स्ट्रॅटोकास्टरचा नेक असाच मऊ व्ही आहे. मधला उंचवटा तळहाताच्या घडीत बसतो आणि कडा मोकळ्या राहतात. खांदे किती भरलेले आहेत हे कुठल्याही तक्त्यात लिहिलेलं नसतं, ते हातालाच कळतं.

जुनी गिटार घेणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1960च्या दशकातल्या फेंडर नेकच्या टाचेवर (बॉडीत बसणाऱ्या टोकावर) ए, बी, सी, डी यांपैकी एक अक्षर छापलेलं सापडतं. ते नटच्या रुंदीचं आहे, पाठीच्या आकाराचं नाही. बी म्हणजे नेहमीचा 1⅝ इंची नट. "हा बी आहे म्हणजे बेसबॉल बॅटसारखा जाड" असं ठासून सांगणारे विक्रेते मला भेटले आहेत.

गिब्सनच्या लेस पॉल मॉडेलच्या बाबतीत वर्षाच्या आकड्यावर व्यवहार होतात. 1958 चा नेक जाड, 1959 चा किंचित कमी, 1960 मध्ये तो उतरत उतरत बराच पातळ झाला. एवढं ढोबळमानाने खरं आहे. पण कारखान्यात हे नेक हाताने घासून आकाराला आणले जात, त्यामुळे एकाच वर्षाच्या दोन गिटारींतही फरक सापडतो. आजच्या गिब्सनचा स्लिमटेपर नेक पहिल्या फ्रेटला साधारण 20 आणि बाराव्याला 22 मिलिमीटर असतो. पन्नासच्या दशकाच्या धाटणीचा बाराव्या फ्रेटपाशी 25 च्या घरात जातो. फरक दोन नाणी एकावर एक ठेवावीत एवढाच, पण बोटांना तो लगेच कळतो.

म्हणून विक्रेत्याला अक्षर विचारू नका, मापं विचारा. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारा साधा व्हर्निअर कॅलिपर चालतो. पहिल्या आणि बाराव्या फ्रेटजवळ, फ्रेटबोर्डच्या लाकडापासून पाठीपर्यंत मोजायचं. तारा आणि फ्रेटची उंची त्यात धरायची नाही. आवडत असलेल्या गिटारची ही दोन मापं आधी वहीत लिहून ठेवा. कुठल्याही वर्णनापेक्षा ती जास्त कामाची आहेत.

दोष सेटअपचा, खापर नेकवर

हात दुखतोय म्हणून नेक बदलायला निघण्याआधी एवढं तपासा. पहिल्या तीन फ्रेटवरच त्रास होत असेल आणि वर जाऊन सगळं सोपं वाटत असेल, तर नटच्या खाचा उंच आहेत. सगळीकडेच तारा जड लागत असतील तर बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची मोजा, दीड ते दोन मिलिमीटर ठीक. तारांची जाडी, म्हणजे गेजही बघा: फेंडर स्केलवर 9-42 च्या सेटचा (सर्वांत बारीक तार इंचाचे 9 हजारांश, सर्वांत जाड 42) एकूण ताण 38 किलोच्या आसपास असतो, 10-46 चा 46 किलोपर्यंत जातो. एवढा बदल कधीकधी पुरतो.

वरच्या फ्रेटवर बेंड घेताना स्वर मध्येच मरत असेल तर त्याचा जाडीशी संबंध नाही. जुन्या फेंडरच्या फ्रेटबोर्डचा आडवा बाक 7.25 इंच रेडियसचा असतो आणि त्यावर ॲक्शन (तारांची फ्रेटवरची उंची) फार खाली आणली की खेचलेली तार पुढच्या फ्रेटवर टेकते. ॲक्शन थोडी वर घ्या, किंवा गिब्सनसारखा 12 इंची रेडियस निवडा.

आणि घाम. मुंबईत, कोकणात, गोव्यात चकचकीत पॉलिशचा नेक पावसाळ्यात हाताला चिकटतो. हात सरकत नाही, पकड घट्ट होते आणि नेक "जाड" वाटायला लागतो. अशा वेळी मी नेकच्या फक्त पाठीवर अगदी बारीक घासणीने हलका हात फिरवतो. चमक जाते, पॉलिश राहतं आणि नेक मोकळा होतो. स्टील वूल वापरलंत तर पिकअप टेपने झाकून घ्या, नाहीतर लोखंडाचे कण चुंबकाला चिकटून बसतात.

पातळ नेक आणि आपला पावसाळा

नेक पातळ म्हणजे लाकूड कमी, आणि लाकूड कमी असलं की दमट हवेत आणि तारांच्या ताणाखाली नेक लवकर हलतो. चांगले पातळ नेक म्हणूनच पाच पट्ट्या जोडून, आत टायटॅनियमच्या सळ्या घालून बनवतात. स्वस्त गिटारमध्ये एकच पट्टी असते. पहिला आणि शेवटचा फ्रेट एकदम दाबा आणि सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तारेखालची फट बघा. पाव मिलिमीटर असेल तर उत्तम. जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली, त्याचा बाक जुळवायची सळई) घड्याळाच्या दिशेने पाव फेरा फिरवा, तारा पुन्हा सुरात लावा, एक दिवस थांबा आणि मग पुन्हा मोजा. अडला तर जोर लावू नका. तुटलेला ट्रस रॉड बदलण्याचा खर्च कधीकधी गिटारच्या किमतीएवढा होतो. जूनमध्ये लावलेला नेक ऑक्टोबरच्या उन्हात पुन्हा तपासावा लागतो.

जाड नेक घासून पातळ करायचा विचार मनात आला तर कृपा करून थांबा. किती लाकडाखाली ट्रस रॉडची खाच आहे हे बाहेरून दिसत नाही. गिब्सनचा हेडस्टॉक (नेकचं खुंट्यांचं टोक) मागे कललेला असतो आणि रॉड फिरवायच्या नटासाठी तिथलं लाकूड आधीच कोरलेलं असतं. त्या जागी तो मोडल्याची प्रकरणं दुरुस्तीवाल्यांकडे सतत येतात. तिथलं लाकूड आणखी कमी करू नका. फेंडर धाटणीच्या गिटारला स्क्रूने बसवलेला नेक असतो. त्या गिटारसाठी दुसरा नेक मागवता येतो, फक्त टाचेची रुंदी, साधारण 56 मिलिमीटर, जुळते का ते आधी मोजून घ्या.

दुकानात

बसून पाच मिनिटं वाजवून नेक कळत नाही. पट्टा लावून, स्टेजवर घालता तेवढ्या उंचीवर गिटार ठेवून उभे राहा. ॲम्प बंद ठेवा, आवाजाच्या मोहात हाताकडे दुर्लक्ष होतं. दहा मिनिटं पहिल्या फ्रेटवर एफ आणि बी फ्लॅट, मग बाराव्या फ्रेटवर सलग बेंड, मग तुमचं रोजचं गाणं दोनदा. वीस मिनिटांनी गिटार खाली ठेवून मूठ उघड-बंद करा. अंगठ्याच्या मुळाशी ताण जाणवला तर ती गिटार परत द्या, नेक जाड असो वा पातळ.