डायलिसिसवरील रुग्णाचे पोषण कसे तपासावे

डायलिसिसवरच्या रुग्णाचे वजन महिनोन्महिने जिथल्या तिथे दिसते आणि आत स्नायू झडत असतात. झडलेल्या मांसाची जागा पाणी घेते. काट्याला दोन्ही सारखीच.

म्हणून हिमोडायलिसिसनंतरचेच वजन धरा आणि मागच्या नोंदींशी ताडा. तीन महिन्यांत ५ टक्के घट, म्हणजे ६० किलोचे ५७, ही धोक्याची खूण. उलट, ठरलेल्या ‘ड्राय वेट’वर (जादा पाणी काढून टाकल्यावरचे वजन) येऊनही पाय सुजत असतील, रक्तदाब चढत असेल, तर खरे वजन उतरले आहे आणि कागदावरचा आकडा जुना झाला आहे. तो बदलणे डॉक्टरांचे काम.

आता दंड मोजा. डायलिसिसनंतर, फिस्च्युला (डायलिसिसच्या सुईसाठी जोडलेली रक्तवाहिनी) नसलेल्या हाताचा. कोपर काटकोनात वाकवून खांद्याच्या हाडापासून कोपराच्या टोकापर्यंत मोजा, मध्यावर पेनाने खूण करा. मग हात सैल सोडायला सांगून तिथला घेर घ्या. टेप टेकावी, रुतू नये. त्याच उंचीवर दंडामागची कातडी चरबीसकट चिमटीत उचलून त्या घडीला कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावा. तीन वेळा मोजून सरासरी काढा.

घेर २६ सेंमी, घडी १२ मिमी असेल तर २६ − (३.१४ × १.२) = सुमारे २२.२ सेंमी. हा स्नायूंचा घेर. मिलिमीटरचे सेंटिमीटर करायला विसरले की उत्तर उणे येते, तेव्हा चूक कळते तरी. टेप तिरकी धरल्याची चूक कळतच नाही.

कानशिलाचा खळगा, वर आलेले गळ्याचे हाड, अंगठा-तर्जनीमधला बसलेला उंचवटा हेही हाताने चाचपा. सात गुणांच्या एसजीए (सब्जेक्टिव्ह ग्लोबल असेसमेंट, म्हणजे पाहून-विचारून पोषण ठरवण्याची पद्धत) तपासणीत हेच बघतात.

आहार तीन दिवसांचा विचारा: डायलिसिसचा, बिनडायलिसिसचा आणि सुट्टीचा. ‘नीट जेवतो’ हे उत्तर नव्हे. किती वाट्या, किती उरले, ते लिहा. प्रथिने दिवसाला दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतात, म्हणजे ६० किलोला ६० ते ७२ ग्रॅम.

रक्तात अल्ब्युमिन (रक्तातले एक प्रथिन) डेसिलिटरमागे ३.८ ग्रॅमच्या खाली गेले की लगेच उपासमार समजू नका. जंतुसंसर्ग किंवा दाह असला तरी ते घसरते, अंगात पाणी साठले तरीही. सोबत सीआरपी (दाह दाखवणारी रक्ततपासणी) बघा. डायलिसिसआधीचे युरिया, क्रिएटिनिन कमी आले म्हणून खूश होण्याआधी ताट बघा: खाणे घटले की युरिया उतरतो, स्नायू घटले की क्रिएटिनिन.

पुढच्या वेळी दंड मोजणारा माणूस आणि कॅलिपर तेच ठेवा.