कादंबरीकाराला घेऊन मूकपट करायचा तर

इव्हलिन वॉ पुढे मोठा कादंबरीकार झाला, पण १९२४ साली, पहिली कादंबरी यायच्या चार वर्षं आधी, त्याने ऑक्सफर्डच्या मित्रांबरोबर हौसेखातर एक मूकपट केला: ‘द स्कार्लेट वूमन’. पटकथा त्याचीच आणि सोनेरी केसांचा टोप घालून कॉलेजच्या डीनचं सोंगही त्याचंच. काही चित्रण वडिलांच्या लंडनमधल्या घरी झालं. पुढे नटी म्हणून गाजलेली एल्सा लँचेस्टर तेव्हा सिनेमात अगदी नवखी. ती दुपारच्या जेवणाच्या बोलीवर आली. आम्ही गच्चीवर आमचा सात मिनिटांचा मूकपट केला, तेव्हा हाच कित्ता गिरवला.

आमच्यातही एक नावाजलेले कादंबरीकार होते. अशा माणसाला लेखकाची भूमिका देऊ नका. आम्ही सरांना पोस्टमन केलं. खाकी सदरा अंगावर चढताच त्यांची चालच बदलली.

मूकपटच करा. गच्चीवर वारा असतो, खाली रिक्षा असतात, आवाज धड येत नाही. शिवाय सरांनी पहिल्या प्रसंगाला चार पानी संवाद लिहून आणले होते. त्यांना म्हटलं, आता पाट्या लिहा, म्हणजे मूकपटात मध्येमध्ये पडद्यावर येणारा मजकूर, एका पाटीवर फार तर सात शब्द. तासभर खोडाखोड करून त्यांनी दिली ती अशी: ‘पत्र आलं. वाचणारा गेला.’ चार पानांतलं सगळं त्यात आलं होतं. पाटी पडद्यावर किती वेळ ठेवायची? सावकाश दोनदा वाचून होईल इतका वेळ.

मोबाइल आडवा धरा, स्टँड नसेल तर पुस्तकांच्या थप्पीला टेकवा. प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर मनात तीन आकडे मोजा, जोडताना ते लागतात. चेहऱ्यावर उजेड हवा असेल तर पांढरं थर्माकोल उन्हाकडे धरा.

एक प्रसंग मात्र जेवणाआधी सुरू केलात तर जेवणाआधीच संपवा. आम्ही मध्येच पुरी-भाजीला बसलो आणि पत्र देतानाची पोस्टमनची सावली एका क्षणात डावीकडून उजवीकडे गेली. तो प्रसंग दुसऱ्या रविवारी पुन्हा केला. सर तेच शर्टाचं बटण उघडं ठेवून आले होते.

पहिला खेळ काम केलेल्यांसाठीच ठेवा, नेटवर टाकायचं ते सगळ्यांना विचारूनच. पडद्याला पांढरी चादर चालते, पण ती इस्त्री करून ताणून बांधा. सुरकुती नेमकी चेहऱ्यावर येते.