मॉस आणि उंदीर यांची तुलना कशी करावी

सरसकट ‘मॉस’ (फुले-बिया नसलेली छोटी हिरवी वनस्पती) आणि सरसकट ‘उंदीर’ समोरासमोर ठेवल्यास कोणतेच विधान पुरते खरे ठरत नाही, म्हणून आधी दोन नेमक्या जाती निवडाव्यात. येथे फ्युनारिया हायग्रोमेट्रिका हे मॉस आणि मस मस्क्युलस हा घरात वावरणारा छोटा उंदीर घेतला आहे. चिचुंद्री दिसायला उंदरासारखी असली तरी ती कृंतक, म्हणजे कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या, गणातील नाही. तिला या तुलनेत आणू नये.

त्यानंतर दोन्ही जातींना एकच प्रश्न विचारावा. मुळे नसलेले मॉस पाणी मुख्यतः आपल्या पृष्ठभागावरून शोषते, तर उंदीर ते पिऊन किंवा अन्नातून मिळवतो, एवढी नोंद पाण्याबाबत पुरेशी आहे. खरा कस लागतो तो पिढ्यांच्या प्रश्नात. उंदराचे शरीर द्विगुणित, म्हणजे गुणसूत्रांचे दोन संच असलेले, असते, त्याच्या पेशींत ४० गुणसूत्रे असतात आणि केवळ अंडपेशी व शुक्रपेशी २० गुणसूत्रांच्या, म्हणजे एकगुणित (एकच संच असलेल्या) असतात. मॉसची हिरवी, पानांची रोपटी मात्र मुळातच एकगुणित असते आणि तिच्या शेंड्यावर उगवणारा देठ व त्यावरील संपुट (बीजाणूंची, म्हणजे नवी रोपटी उगवणाऱ्या सूक्ष्म कणांची, डबी) ही द्विगुणित अशी पुढची पिढी असते. त्यामुळे गुणसूत्रांच्या हिशेबाने उंदराच्या शरीरासमोर हिरवी रोपटी नव्हे, तर हा देठ आणि संपुट ठेवावे. तुलनेचे अनेक तक्ते नेमके इथेच चुकतात. ही मांडणी केली की एक सुंदर साम्य समोर येते: उंदराचे पिल्लू सुमारे तीन आठवड्यांच्या गर्भकाळात वारेतून पोषण घेते, तसाच मॉसचा गर्भही मातृरोपटीत रुतलेल्या आपल्या तळाच्या भागातून, म्हणजे ‘पाया’तून, पोषण घेतो. हे साम्य कार्याचे आहे, समान पूर्वजाकडून आलेल्या वारशाचे नाही, हे तक्त्यात स्पष्ट लिहावे.

शब्दांच्या सारखेपणाने फसू नये. उंदराच्या तोंडात १६ दात असतात आणि फ्युनारियाच्या संपुटाच्या तोंडाशी असलेल्या बाहेरच्या कड्यातही १६ ‘दात’च असतात, पण उंदराचे पटाशीचे दात जन्मभर वाढत राहून कुरतडण्याचे काम करतात, तर मॉसचे दात म्हणजे मृत पेशींच्या भित्तिकांचे अवशेष असून ते हवेतील ओलाव्यानुसार हलतात आणि बीजाणू हळूहळू बाहेर सोडतात. आकडा जुळला तरी या दोहोंना एका ओळीत मांडू नये.

शक्य असल्यास वाळलेला, पिळवटलेला देठ ओला करून भिंगाखाली पाहावा. तो उलगडत फिरू लागतो, आणि ‘हायग्रोमेट्रिका’ म्हणजे ओलावा मोजणारी हे नाव या मॉसला का मिळाले, ते डोळ्यांना दिसते.