आयसीयूतल्या पेशंटवर स्टडी करताय? कन्सेंट घेताना या चुका टाळा

सगळ्यात कॉमन चूक आधी. पेशंट व्हेंटवर गेलेला असतो, नातेवाईक बाहेर ताटकळत उभे, आणि रेसिडेंट फॉर्मचा गठ्ठा घेऊन येतो, सेंट्रल लाइनचा फॉर्म, व्हेंटिलेटरचा फॉर्म, रक्त चढवायचा फॉर्म आणि त्यातच मधे स्टडीचा कन्सेंट, म्हणजे संमतीचा फॉर्म, इथे सही, इथे सही, इथे पण करा. समोरच्याला वाटतं सही नाही केली तर ट्रीटमेंट थांबेल, म्हणून तो करतोच. कागद पूर्ण झाला, पण ही संमती नाही. स्टडीचा कागद वेगळा काढा, अर्ध्या तासाने का होईना, आधी त्यांना बसायला खुर्ची द्या आणि सुरुवातीलाच सांगा की नाही म्हणालात तरी उपचारात काही फरक पडणार नाही. शक्यतो ट्रीटमेंट देणाऱ्या डॉक्टरने विचारूच नये. आपला माणूस ज्याच्या हातात आहे त्याला नाही कोण म्हणणार?

दुसरं, जो हाताशी सापडला त्याची सही घ्यायची नाही. डबा घेऊन आलेला पुतण्या सही करतो आणि गावाहून निघालेल्या बायकोला नंतर कळतं, मग भांडण होतं आणि ते रास्तच असतं. वाचता येत नसेल तर टीमबाहेरचा साक्षीदार सगळं समजावताना हजर पाहिजे, नुसता अंगठ्याच्या वेळी नाही. आणि फॉर्मची कॉपी हातात द्या, ती हमखास राहते.

'नवीन औषध आहे, फायदा होईल' हे वाक्य तर तोंडातून जाऊच देऊ नका. कोविडमधे प्लाझ्मासाठी लोकांनी रात्र रात्र फोन फिरवले, मिळाला की माणूस वाचणार असंच सगळ्यांना वाटत होतं. पण आयसीएमआरच्या २०२० च्या प्लॅसिड ट्रायलमधे, ३९ हॉस्पिटलांतल्या ४६४ मॉडरेट पेशंटमधे, प्लाझ्माने ना मृत्यू कमी झाले ना आजार वाढायचा थांबला, आणि मे २०२१ मधे तो गाईडलाइनमधून काढला. हे ट्रायल केली म्हणूनच कळलं, त्यामुळे गंभीर पेशंटवर रिसर्च नकोच म्हणणंही मला पटत नाही. फक्त खरं सांगा, की फायदा होतो का ते आम्हालाच माहीत नाही आणि औषध कोणाला मिळणार ते कॉम्प्युटर ठरवतो.

आता जिथे बहुतेक टीम कमी पडतात ते. पेशंट शुद्धीवर आला की त्याला स्वतःला विचारायचं असतं. नातेवाईकाची सही तोपर्यंतचीच. इमर्जन्सीत आधी औषध देऊन नंतर संमती घ्यायची सोयही आहे, पण एथिक्स कमिटीने, म्हणजे स्टडीला परवानगी देणाऱ्या समितीने, ती आधी मंजूर केली असेल तरच. प्रॉब्लेम हा की पेशंट वॉर्डात शिफ्ट होतो आणि स्टडीच्या कोऑर्डिनेटरला पत्ताच नसतो, म्हणून ट्रान्सफर नोटवरच 'री-कन्सेंट बाकी' असं ठळक लिहा. नळी काढली त्याच दिवशी घाई नको, मान हलवतो पण आज वार कोणता सांगता येत नाही असा पेशंट अजून डिलिरियममधे, म्हणजे भ्रमात असू शकतो, उद्या परत जा. तो नाही म्हणाला तर पुढचं सॅम्पल बंद, आणि आधीच्या डेटाचं काय करायचं ते प्रोटोकॉलमधेच, म्हणजे स्टडीच्या लेखी आराखड्यातच ठरलेलं हवं.

आणि पेशंट गेला तर 'आजारच एवढा होता, औषधाचा काय संबंध' असं परस्पर ठरवू नका. नवीन औषधाच्या ट्रायलमधे २०१९ च्या नियमांप्रमाणे इन्व्हेस्टिगेटरने, म्हणजे स्टडी चालवणाऱ्या डॉक्टरने, असा मृत्यू २४ तासांत कळवायचा असतो, एथिक्स कमिटीलाही. घरच्यांनाही हे तुम्हीच सांगा, बॉडी ताब्यात देताना गर्दीत नाही, नीट बसून.