उधाण, भांग आणि भरतीचे कोष्टक : संकल्पनांची जुळणी कशी करावी

कोकण किनाऱ्यावरील मच्छीमारांचे शब्द समुद्रविज्ञानाच्या परिभाषेशी जोडायला बसलेला माणूस बहुधा आधी समानार्थी शब्द शोधतो, आणि काम तिथेच बिघडते. सादृश्य जुळवताना वस्तूंच्या दिसण्यापेक्षा त्यांच्यातील संबंधांना अधिक वजन असते, असे मानसशास्त्रज्ञ डेड्रे गेंटनर यांनी १९८३ साली मांडले. तेच सूत्र इथे धरावे.

प्रथम दोन्हीकडचे संबंध लिहून काढावेत. उधाण, म्हणजे मोठी भरती, अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास येते आणि भांग, म्हणजे लहान भरती, अष्टमीच्या सुमारास. भरतीच्या कोष्टकातही चंद्र-सूर्य एका रेषेत आल्यानंतर एक-दोन दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सर्वाधिक होतो, तर ते काटकोनात आल्यावर तो सर्वांत कमी होतो. मग जाणत्या नाखव्याला अट बदलून विचारावे : ‘वारा पडलेला असेल, तरी अमावास्येला उधाण येईल का?’ उत्तर होकारार्थी आले, तर त्या शब्दामागे चंद्र आहे हे ठरले. मात्र खवळलेल्या समुद्रालाही आपण उधाणच म्हणतो, त्यामुळे हा दुसरा अर्थ वेगळा नोंदवणे आवश्यक आहे.

पूर्ण भरतीची वेळ काढण्यासाठी तिथीची पाऊणपट करतात. अष्टमीला सहा वाजता, पंचमीला पावणेचारला. गणिताने दर तिथीला सुमारे ४८ मिनिटांचा फरक पडतो आणि पाऊण तास म्हणजे ४५, म्हणजे तोंडी हिशेबासाठी हे पुरेसे नेमके आहे. अमावास्या-पौर्णिमेची भरती जिथे बाराच्या आसपास येते, त्या मुंबईजवळच्या किनाऱ्यावरच हे सूत्र जसेच्या तसे चालते. दुसऱ्या किनाऱ्यावर आरंभीची वेळ बदलावी लागते, पण तिथीगणिक वेळ पुढे सरकण्याचा संबंध टिकून राहतो. जुळणीच्या नोंदीत काय टिकले आणि काय बदलले, हे दोन्ही लिहावे.

नावांपासून सावध राहावे. हलवा या माशाला इंग्रजीत ‘ब्लॅक पॉम्फ्रेट’ म्हणतात, पण तो पापलेटच्या कुळातला नाही. त्याला स्वतंत्र नाव देणारी आपली कोळीणच इथे वर्गीकरणाच्या अधिक जवळ आहे.

शेवटी प्रत्येक जोडीपुढे संबंधाचा प्रकार लिहावा. शब्दसंग्रहांतील संकल्पना एकमेकींशी जोडण्यासाठीच्या ‘स्कॉस’ (SKOS) या २००९ सालच्या मानकात तंतोतंत, जवळची, व्यापक, संकुचित आणि संबंधित अशा पाच जुळण्या आहेत. उधाणाचा बोलीतला पूर्ण अर्थ घेतल्यास, त्याच्यापुढे ‘तंतोतंत’ लिहिता येणार नाही.